काळ्या मातीतला पाझर

(पडद्यावर: खान्देश. तापीकाठचं नांगरून ठेवलेलं रान. सकाळची वेळ.)

घणाचा हा आवाज ऐका. दोघं जण आळीपाळीने एक पोकळ लोखंडी पाइप जमिनीत ठोकताहेत. हातभर, कमरेइतका, पुरुषभर. दोन-अडीच मीटर खोल गेला की थांबायचं. पाइप उपसला की आतून मातीचा दंडगोल निघतो: काळा, ओलसर, मधेमधे चुनखडीचे पांढरे खडे. तो फार वेळ उघडा ठेवायचा नाही. लगेच ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा, हवाबंद पिशवीत घालायचा, वर जागेचे अक्षांश-रेखांश लिहायचे.

या मातीत माग काढायचा आहे खनिज तेलाचा आणि नैसर्गिक वायूचा.

तेलाच्या साठ्यावर खडकाचं झाकण कितीही घट्ट असलं, तरी ते पूर्ण बंद नसतं. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन हे हलके वायू बारीक भेगांतून लाखो वर्षं वर झिरपत राहतात. कुठे हा पाझर इतका मोठा असतो, की तो पेट घेतो आणि तिथे माणसं हात जोडतात. हिमाचलातलं ज्वालामुखी मंदिर त्यातलंच. बाकूजवळ सुराखानीला एक अग्निमंदिर आहे. पार अझरबैजानमध्ये, पण त्याच्या भिंतींवर आपल्या देवनागरीतले शिलालेख आहेत. तिथली नैसर्गिक ज्योत 1969 मध्ये विझली, कारण खालचा वायू उपसला गेला होता.

बहुतेक ठिकाणी मात्र पाझर डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. तो मातीत मोजता येईल, हा विचार 1930 च्या दशकात जर्मनी, सोव्हिएत संघ आणि अमेरिकेत मूळ धरू लागला. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, हे काम अनेक खोऱ्यांत केलं. दख्खनच्या काळ्या खडकावरही केलं.

(पडद्यावर: घाटातला उभा कडा, बेसाल्टचे एकावर एक थर.)

दख्खनवर हे काम जास्त मोलाचं का, ते या कड्याकडे पाहून कळतं. तेलाचा शोध सहसा भूकंपलहरींनी घेतात. जमिनीत कृत्रिम धक्का द्यायचा आणि परतणाऱ्या लहरींवरून खालचे थर ओळखायचे. पण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे हे लाव्हाचे थर त्या लहरी विखरून टाकतात. खालचं चित्र धूसर होतं. आणि तेल असलंच, तर ते त्याखालच्या गाळाच्या खडकांत असणार.

तो गाळ सगळीकडे आहे असंही नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत भोक पाडलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्टखाली जेमतेम आठ मीटर गाळ लागला, आणि लगेच पायाचा जुना खडक. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात मात्र बेसाल्टखाली गाळाचे जाड थर असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणून हा घण खान्देशात पडतो.

(पडद्यावर: प्रयोगशाळा. काचेची नळ्यांची जोडणी.)

माती ओली करून चाळतात. 63 मायक्रॉनपेक्षा बारीक कण तेवढे ठेवायचे, कारण चिकणमातीचे आणि चुन्याचे हे कण वायू घट्ट धरून ठेवतात. चिमूटभर माती निर्वात भांड्यात जाते, वरून फॉस्फोरिक आम्लाचा थेंब-थेंब. पाहा, फसफस सुरू झाली. चुना विरघळतोय, अडकलेला वायू सुटतोय. त्यातला कार्बन डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइड शोषून घेतं. उरतो तो वायू गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातला एकेक वायू वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रात.

मोजमाप असतं अब्जात किती भाग, असं. दहा टनांचे केळीने भरलेले शंभर ट्रक उभे करा आणि त्यात एक ग्रॅम काय ते शोधा. इतकं सूक्ष्म.

खरी कसोटी पुढे आहे. मिथेन तर भातखाचरातून निघतो, शेणाच्या उकिरड्यातून निघतो. नुसता मिथेन सापडला म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. बॅक्टेरिया मिथेन भरपूर करतात; इथेन-प्रोपेन त्यांच्याकडून नावापुरतंच होतं. म्हणून मिथेनचं इथेन-प्रोपेनशी प्रमाण पाहतात. ते हजाराच्या वर गेलं तर संशय बॅक्टेरियावर. पन्नासच्या खाली आलं, तर हा वायू खोल उष्णतेत शिजलेला असण्याची शक्यता मोठी. मग कार्बनची समस्थानिकं, म्हणजे त्याचे हलके आणि जड अणू, तपासतात. बॅक्टेरियांचा मिथेन हलका असतो: त्यातला जड कार्बन ठरलेल्या मानकाशी ताडला, तर साधारण उणे 60 प्रति हजार किंवा त्याहून खाली. पुरावे असे एकमेकांशी जुळले, तरच नकाशावर खूण करायची. हा संयम मला या शास्त्रातला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

आणि खूण झाली तरी तिचा अर्थ मर्यादित आहे. साठा किती, किती खोल, हे माती सांगत नाही. पाझर सरळ वर येतोच असंही नाही. ज्याने दख्खनमध्ये बोअर घेतली त्याला हे सांगायला नको: एका बोअरला धो-धो पाणी, पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी ठाक. भेग नेईल तिकडे पाणी, तसाच वायूही. हिमाचलातल्या ज्वालामुखी मंदिरात तर साक्षात ज्योत. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने 1957 मध्ये तिथे तेलविहीर खोदायला घेतली, पण व्यापारी साठा हाती लागला नाही.

म्हणून मातीचा नकाशा भूकंपलहरींच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या नकाशांवर ठेवून वाचतात. जिथे तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात, तिथे पथक परत जातं आणि दोन नमुन्यांमधलं अंतर कमी करतं.

(पडद्यावर: तेच रान, दुपार. पाइप नव्या खुणेवर उभा. घण वर जातो.)