सेलममध्ये एक दिवस: १६९२ नेमकं कुठं सापडतं?

नमस्कार श्रोतेहो. मुलगा किंवा मुलगी बॉस्टनला शिकायला किंवा नोकरीला आहे, आणि आईवडील उन्हाळ्यात दोन महिने तिकडं राहायला जातात, अशी घरं आता आपल्याकडं पुष्कळ झाली. तिथं एखाद्या शनिवारी ठरतं, "चला, सेलम बघून येऊ. चेटकिणींचं गाव!" आजचं बोलणं त्या एका दिवसाविषयी आहे. १६९२ साली इथं चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले आणि माणसं फासावर गेली. सेलमला जाणं सोपं आहे, पण तिथं ते १६९२ साल शोधणं तितकं सोपं नाही.

अडचण अशी की गावात झाडूवर बसलेली चेटकीण जिथंतिथं दिसते. पोलिसांच्या बिल्ल्यावर ती आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे, आणि भर चौकात एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या चेटकिणीचा ब्राँझचा पुतळाही आहे. या पुतळ्याचा खटल्यांशी काडीचाही संबंध नाही, तरी फोटोसाठी रांग तिथंच लागते. खटल्यांच्या खऱ्या जागा मोजक्या आहेत. त्यातल्या बहुतेक शांत आहेत, आणि काहींना तिकीटही नाही.

आधी जायचं कसं ते बघू. सेलम बॉस्टनच्या ईशान्येला साधारण २५ किलोमीटरवर आहे. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टकडं जाणारी कोणतीही लोकल घ्या, अर्ध्या तासाच्या आसपास सेलम येतं. शनिवार-रविवारी जाणार असाल तर सुटं तिकीट काढू नका. दोन्ही दिवस हवं तितकं फिरवणारा वीकएंड पास मिळतो आणि तो जाण्यायेण्याच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतो. उन्हाळ्यात बॉस्टनच्या लाँग व्हार्फ धक्क्यावरून बोटही सुटते, तिला तासभर लागतो. गाडी नेऊच नका, निदान ऑक्टोबरात तरी. गावाची वस्ती ४४-४५ हजारांची, आणि हॅलोविनच्या त्या एका महिन्यात दहा लाखांच्या वर माणसं येतात. पार्किंग सकाळीच भरतं, रस्ते बंद होतात, आणि बघायच्या जागांचं तिकीट आगाऊ न काढलेली मंडळी दारावरून परत फिरतात. मे-जून किंवा सप्टेंबरचा सुरुवातीचा काळ सगळ्यात बरा, त्यातही आठवड्यातला कामाचा दिवस. पायात घट्ट बूट असू द्या. फुटपाथ जुन्या विटांचे आहेत, झाडांच्या मुळांनी उचललेले, आणि ठेच लागते.

स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत एसेक्स स्ट्रीट आणि नॉर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या. काळपट लाकडाचं, उंच टोकदार छपराचं घर दिसेल. लोक त्याला विच हाउस म्हणतात, पण इथं कुणी चेटकीण राहत नव्हती. हे न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं घर, त्यानं ते १६७५ साली घेतलं. खटल्यांशी थेट नातं असलेली, अजून उभी राहिलेली सेलममधली ही एकच इमारत. तीही मूळ जागी नाही. १९४०च्या दशकात रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा पाडापाडीतून वाचवण्यासाठी अख्खं घर सुमारे ३५ फूट मागं सरकवलं. आत गेलात की घराच्या मधोमध उठणारी विटांची भली मोठी चूल बघा. तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली आहेत, खिडक्यांना शिसाच्या पट्ट्यांत बसवलेली शंकरपाळ्याच्या आकाराची काच आहे. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडणाऱ्या गावात अशा खोलीत भीती कशी पोसली जात असेल, ते सांगायला गाइड लागत नाही.

आता थोडं काय घडलं ते, नाहीतर पुढच्या जागा नुसते दगड वाटतील. १६९२च्या सुरुवातीला पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि अकरा वर्षांची भाची ॲबिगेल यांना झटके येऊ लागले. शेजारच्या एका बाईनं उतारा सुचवला: राय या धान्याचं पीठ घ्यायचं (आपली राई नव्हे), त्यात मुलींची लघवी मिसळायची, निखाऱ्यात रोटी भाजायची आणि कुत्र्याला घालायची. म्हणजे चेटूक करणारी कोण ते कळेल. रोटी झाली, आणि त्यानंतर नावं बाहेर पडू लागली. पहिल्या तिघींत होती घरची गुलाम टिट्युबा. कागदोपत्री तिला 'इंडियन' म्हटलंय, पण ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना लावलेलं नाव, आपला संबंध जोडू नका. दुसरी सेरा गुड, दारोदार मागून खाणारी. तिच्याविरुद्धच्या जबान्यांत तक्रार होती ती शेजाऱ्यांची गुरं मेल्याची. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची ज्यांनी वाचली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा ठरवलाय. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवताना जी कारणं पुढं येतात, ती याच जातीची.

कोर्टानं 'आकृतीचा पुरावा' मान्य केला आणि सगळं बिघडलं. म्हणजे मी म्हणायचं, हिची छाया रात्री येऊन माझा गळा दाबते. ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपली होती, हे सिद्ध करूनही उपयोग नाही, कारण आली ती छाया! आणखी एक उलटी गोष्ट: ज्यांनी 'हो, मी चेटूक केलं' असं कबूल केलं आणि कबुलीवर टिकले, त्यांच्यातला एकही फासावर गेला नाही. इतरांची नावं सांगायला ते हवे होते. सॅम्युअल वॉर्डवेलनं कबुली मागं घेतली, त्याला लटकवलं. निर्दोष म्हणत राहिले तेच गेले. एकंदर १९ जणांना फाशी झाली, १४ बायका आणि ५ पुरुष. जाळलं कुणालाच नाही. ते युरोपखंडातलं, इंग्रजी कायद्यात चेटकाला फाशी होती. विसावा जाईल्स कोरी. ऐंशी गाठलेल्या या म्हाताऱ्यानं कोर्टापुढं जबाबच द्यायला नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत गेले, आणि १९ सप्टेंबरला तो मेला.

विच हाउसवरून पश्चिमेला वीसेक मिनिटं चाललात की पोप स्ट्रीटवर प्रॉक्टर्स लेज येतं. फाशी इथं दिली. गॅलोज हिल म्हणून लोक वर्षानुवर्षं टेकडीच्या माथ्यावर जात, ती जागा चुकीची. जुन्या जबान्या आणि जमिनीची तपासणी यांचा मेळ घालून २०१६ साली अभ्यासकांनी हा खालचा कातळ नक्की केला. इथं माती इतकी पातळ आहे की पुरायलाही जागा नव्हती, आणि प्रेतं सापडली नाहीत. २०१७च्या १९ जुलैला स्मारक झालं: दगडी अर्धगोल भिंत, तिच्यात १९ नावं, समोर ओकचं झाड. आजूबाजूला लोकांची राहती घरं आहेत आणि पार्किंग नाही. हळू बोला, दहा मिनिटं पुरतात.

परत गावात येऊन चार्टर स्ट्रीटच्या कबरस्तानात या. ते १६३७चं आहे. आत जॉन हॅथॉर्न या न्यायाधीशाची कबर आहे. फाशी गेलेल्यांपैकी मात्र इथं कुणीच नाही. त्यांचं स्मारक कुंपणाच्या पलीकडं, १९९२ साली केलेलं. हे सावकाश बघा. आत शिरताना पायाखालचे दगड वाचा: आरोपींनी कोर्टात काढलेले उद्गार त्यांवर कोरलेत, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच दगड भिंतीखाली जातो. त्यांचं म्हणणं कोर्टानं जसं तोडलं, तसंच. भिंतीतून वीस ग्रॅनाइटच्या पाट्या बाहेर आल्या आहेत, प्रत्येकीवर नाव, मरणाचा प्रकार आणि तारीख. त्या बाकांसारख्या दिसतात म्हणून लोक त्यांवर बसून सँडविच खातात. आपण खाऊ नये, इतकंच. कुणीतरी ठेवलेली फुलं, नाणी तिथं असतात, ती हलवू नका.

विच म्युझियमचं काय? ते एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. पुतळे, दिवे आणि ध्वनिमुद्रित निवेदन असा तो खेळ आहे. त्या काळातल्या वस्तू बघायला मिळतील या अपेक्षेनं गेलात तर हिरमुसाल. मुलांबरोबर असाल तर जा, वेळ कमी असेल तर हेच आधी गाळा. त्याऐवजी पीबडी एसेक्स म्युझियम बघा. सेलमच्या खलाशी कप्तानांनी १७९९ साली स्थापलेल्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीपासून ते वाढलं. ही मंडळी केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्यापर्यंत व्यापार करत. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांची चित्रंही तिथल्या संग्रहात आहेत, मात्र ती सदैव मांडलेली नसतात.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक प्रवासी चुकवतात. मुलींना झटके आले ते गाव हे सेलम नव्हे. ते तेव्हा 'सेलम व्हिलेज' होतं आणि आज त्याचं नाव डॅनव्हर्स आहे. ते सेलमच्या वायव्येला सातआठ किलोमीटरवर, आणि तिथं रेल्वे जात नाही, टॅक्सी करावी लागते. रेबेका नर्सचं घर तिथं आहे. ७१ वर्षांची ही बाई, जवळजवळ ४० शेजाऱ्यांनी तिच्या बाजूनं सह्या केल्या. पंचांनी आधी तिला निर्दोष ठरवलं, कोर्टात आरडाओरडा झाला, पंचांना परत आत पाठवलं आणि ते दोषी म्हणून बाहेर आले. घर फक्त हंगामात उघडं असतं, निघण्याआधी वेळ तपासा. तिथून जवळच सेंटर स्ट्रीटवर, घरांच्या मागच्या वाटेनं गेलात की १९७० साली उत्खननात निघालेला पॅरिसच्या घराचा पाया दिसतो. गवतातला दगडांनी बांधलेला एक चौकोनी खड्डा, बाजूला माहितीची पाटी. ती रोटी भाजली गेली ते हे घर. पाटी लहान आहे आणि वाट सहज चुकते, म्हणून टॅक्सीवाल्याला पत्ता आधी दाखवा आणि परत न्यायला थांबशील का, तेही तेव्हाच विचारून घ्या.