तानपुरा वापरायला देण्याआधी जवारीचे बोलून घ्या

नमस्कार. माझ्या शेजारी जो तानपुरा आपल्याला दिसतो आहे, तो येत्या शनिवारी आठ दिवसांसाठी नाशिकरोडच्या एका तरुण गायिकेकडे जाणार आहे. जिवापाड जपलेले वाद्य दुसऱ्याला वापरायला द्यावे की देऊ नये, असे मला बरेच जण विचारतात. माझे उत्तर ‘द्यावे’ असेच आहे. मात्र देताना आपल्या डोळ्यांपुढे फुटलेला भोपळा असतो, आणि भोपळा सहसा फुटत नाही, कारण तो नाजूक आहे हे नेणाऱ्यालाही दिसत असते. बिघडते ती जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या माथ्याची नेमकी घडण, आणि तिच्याविषयी देणारा व नेणारा यांच्यात बहुधा एक शब्दही झालेला नसतो.

हा तानपुरा माझ्या आत्याचा. तिने तो मिरजेला दोन खेपा करून, कारागिरांसमोर गाऊन करवून घेतला आणि परतीच्या एसटीत भोपळा मांडीवर धरून ती नाशिकपर्यंत आली. मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी ते सुरू केले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. इतक्या पिढ्यांच्या सरावानंतरही तिथे एकाच कारागिराने केलेले दोन तानपुरे एकसारखे बोलत नाहीत. भोपळा शेतात वेलीवर वाढतो, त्याचा घेर आणि सालीची जाडी कोणी ठरवलेली नसते, आणि शेवटची जवारी कानाने काढली जाते. त्यामुळे बिघडलेल्या तानपुऱ्याच्या बदल्यात दुसरा तानपुरा विकत घेऊन देता येतो, परंतु तो आवाज भरून देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गायकांनी तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी हा तानपुरा मागितला. माणूस सज्जन, घरोबा जुना, त्यामुळे मी काहीही न विचारता तो गवसणीसकट त्यांच्या हाती दिला. तीन दिवसांचे अकरा दिवस झाले. तानपुरा परत आला तेव्हा गवसणी धुऊन, इस्त्री करून चढवलेली होती, भोपळ्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता, आणि मला खरोखर समाधान वाटले. संध्याकाळी तो जुळवायला घेतला, तेव्हा पंचम कोरडा बोलला, जोडीच्या तारा एकमेकींत मिसळेनात, आणि खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’ची तार, तर खरखरू लागला. मी तारांखालचे सुती दोरे सरकवून पाहिले. दोऱ्यांखाली, तारांच्या सावलीत, काळपट लाकडाची अगदी बारीक पूड साचलेली होती.

फोन केला तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, “ताई, तुमचा तानपुरा जरा बंद बोलत होता, म्हणून मी जवारी काढून घेतली. पैशांचे मनात आणू नका.” त्यांनी माझ्यावर उपकारच केला होता, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मला फारसा नव्हता, कारण घोडीला हात लावू नका असे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

[दृश्य: घोडी जवळून. बोटाने दोरा दाखवणे.]

नेमके काय झाले होते, ते आता जवळून पाहू. ही तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, बसलेली शिसवी घोडी. वरून पाहिले तर तिचा माथा सपाट वाटतो, परंतु बाजूने प्रकाश टाकला की त्याला अगदी मंद उतार असल्याचे दिसते. तार या उतारावर एका टोकाला टेकून सुटत नाही. ती छेडली की थरथरताना माथ्याला हलकेच घासत राहते, आणि त्या घासण्यातूनच मूळ स्वराबरोबर वरचे स्वर उमलतात. नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो तो याचमुळे. तार आणि माथा यांच्यामध्ये हा जो सुताचा दोरा आहे, तो केसभर पुढे किंवा मागे सरकवला की घासण्याची जागा बदलते आणि आवाज उघडतो किंवा मिटतो. दोरा हा गायकाचा अधिकार आहे. तो कितीही वेळा सरकवला तरी काही कायमचे होत नाही.

माथा मात्र वेगळा. वर्षानुवर्षांच्या वाजवण्याने तारा त्यात बारीक चरे पाडतात, मग कारागीर कानशीने आणि पॉलिश पेपरने तो पुन्हा घडवतो, आणि त्यालाच आपण जवारी काढणे म्हणतो. प्रत्येक वेळी घोडीचे थोडे लाकूड जाते. गेलेले लाकूड परत येत नाही, म्हणून एका घोडीच्या आयुष्यात जवारी मोजक्याच वेळा निघते आणि पुढे घोडी बदलावी लागते. आत्याच्या तानपुऱ्याची घोडी तिच्या गळ्यासाठी घडवलेली होती. मी तो मिरजेला नेला, नवी घोडी बसली, काम उत्तम झाले. आज आपण जो आवाज ऐकता आहात तो गोड आहे, परंतु लहानपणी पहाटे मला जाग आणणारा आवाज हा नव्हे.

आता प्रश्न असा की, चांगला बोलणारा तानपुरा त्या गायकांना ‘बंद’ का वाटला. याचे उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि माझ्या मते आजच्या बोलण्यातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. हा तानपुरा काळी चार पट्टीचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या स्वराला ‘सा’ धरणाऱ्या, बायकांच्या गळ्याचा. ते गायक काळी दोनमध्ये गात. त्यांनी तारा तशाच ठेवून सगळा तानपुरा खाली उतरवला. तारेचा स्वर तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्याच तारेतून दुप्पट उंच स्वर काढायचा असेल तर ताण चौपट करावा लागतो. काळी चारवरून काळी दोनवर येणे म्हणजे पाच अर्धस्वर खाली येणे, आणि हिशेब केला तर तारेत मूळ ताणाच्या सुमारे छप्पन्न टक्केच ताण उरतो. इतकी सैल तार माथ्यावर लोळते, घासत नाही, आणि तिचा नाद आत कोंडतो. दोष जवारीत नव्हता, उतरवलेल्या ताणात होता. त्या सैल तारांसाठी कोणीतरी माथा घासला, आणि मी पुन्हा काळी चारला चढवताच तोच माथा चुकीचा ठरला.

याच्या उलट करणे अधिक धोक्याचे आहे. काळी एकचा पुरुषी तानपुरा ओढून काळी चारला नेला, तर ताण जवळजवळ सव्वादोनपट होतो. तारा तुटल्या तर नशीब समजावे, कारण न तुटणाऱ्या तारा तो सगळा भार घोडीवाटे तबलीवर टाकतात आणि तबली हळूहळू खचते. नुसता एक पूर्ण स्वर चढवला तरी ताण सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून आता कोणीही तानपुरा मागितला की मी आधी कार्यक्रम कधी, कुठे, हे विचारत नाही. मी विचारते, “आपली पट्टी कोणती?” तानपुऱ्याच्या पट्टीपासून अर्धा स्वर इकडे-तिकडे असेल तर पुढे बोलणे होते, त्यापलीकडे असेल तर मी नम्रपणे नाही म्हणते. नात्यातल्या माणसालाही हे कारण पटते, कारण त्यात अविश्वासाचा प्रश्न येत नाही.

हवामानाचे थोडक्यात सांगते. नाशिकचा डिसेंबर-जानेवारी कोरडा आणि चांगलाच थंड असतो. लाकूड आकसते आणि खुंट्या आपोआप सुटतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि जोर लावला तर मोडतात. खुंटीला खडू लावून ती पुन्हा बसवता येते, एवढे नेणाऱ्याला दाखवून द्यावे. इथला वाळलेला तानपुरा कसारा घाट उतरून मुंबईच्या दमट हवेत गेला, तर त्याला पोचल्या पोचल्या जुळवू नये, काही तास गवसणीतच खोलीत राहू द्यावे. प्रवासात तारा एक-दोन स्वर उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत, कारण घोडी जागची हलू शकते. गाडीत तानपुरा मागच्या सीटवर आडवा ठेवावा, भोपळ्याखाली जुन्या साडीची चुंबळ द्यावी, आणि डिकीत तर तो कधीही ठेवू नये. उचलताना एक हात भोपळ्याखाली हवाच. नुसती दांडी धरून उचलले की सगळे वजन भोपळा आणि दांडी जिथे जोडलेली असतात त्या सांध्यावर येते.

लिहून घेण्याविषयी अनेकांना संकोच वाटतो, आणि तो मला समजतो, कारण मलाही वाटत असे. परंतु आपल्याच गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. तिथून पुस्तक घरी आणताना नोंद होते, परत करण्याची तारीख ठरलेली असते, आणि त्यात कोणा वाचकाला आपला अपमान झाला असे वाटत नाही. कॅनडातील कला परिषदेने १९८५ साली वाद्यांची एक पेढी सुरू केली. ती स्पर्धेतून निवडलेल्या तरुण वादकांना शेकडो वर्षांपूर्वीची व्हायोलिने आणि चेलो तीन वर्षांसाठी वापरायला देते. तिथे देणे हा उदारपणाच आहे, तरीही सगळे ठरवून, लिहून होते.

कायदाही या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा बारकाईने बोलतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या वस्तूंसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. नेणाऱ्याने ती वस्तू स्वतःची असल्यासारखी जपावी, अशी साधारण अपेक्षा कलम १५१ मध्ये आहे. कलम १५४ सांगते की, ठरलेल्या अटींबाहेर वापर केला आणि त्यातून नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी नेणाऱ्यावर येते. पण त्यासाठी अटी ठरलेल्या हव्यात, आणि माझ्या वेळी एकही अट ठरलेली नव्हती. ठरलेली मुदत संपली की मागणी न करताही वस्तू परत करायची असते, आणि आपल्या चुकीने उशीर करणाऱ्यावर त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी येते. कलम १५० मात्र देणाऱ्याला उद्देशून आहे: वस्तूत आपल्याला ठाऊक असलेला दोष नेणाऱ्याला आधी सांगितला पाहिजे. माझ्या तानपुऱ्याची तिसरी खुंटी थंडीत सुटते, हे मी सांगितले नाही आणि ऐन मैफलीत तार उतरली, तर चूक माझी आहे. हे सगळे सांगण्यामागे कोणी कोर्टात जावे असा हेतू मुळीच नाही. लिहिलेल्या चार ओळी असल्या की पुढे एकमेकांकडे पाहताना अवघडल्यासारखे होत नाही, एवढेच.

[दृश्य: वहीचे पान.]

शनिवारसाठी मी लिहिलेले हे पान. यात पट्टी काळी चार, परत येण्याचा दिवस पुढचा रविवार, आणि तानपुरा त्या गायिकेशिवाय व तिच्या साथीला बसणाऱ्या मुलीशिवाय कोणी जुळवणार नाही, असे लिहिले आहे. त्याखाली ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: “दोरे हवे तसे सरकवावेत, घोडीला कानस, पॉलिश पेपर किंवा ब्लेड लावू नये, आवाज पटला नाही तर मला फोन करावा.” तार तुटली तर त्याच जाडीची दुसरी लावायची, म्हणून जादा तारांचे एक वेटोळे गवसणीच्या खिशात ठेवले आहे. तिसऱ्या खुंटीचेही लिहिले आहे.

वहीपेक्षाही मला ज्याचा अधिक भरवसा वाटतो ते म्हणजे ध्वनिमुद्रण. देण्याच्या दिवशी, नेणाऱ्या व्यक्तीसमोर, तानपुरा पूर्ण जुळवून चारही तारा आधी सुट्या आणि मग एकत्र, अशी दोनेक मिनिटे मोबाईलवर मुद्रित करावीत आणि ती फाईल दोघांनी आपापल्या फोनमध्ये ठेवावी. घोडीचे बाजूने प्रकाश टाकून काढलेले एक छायाचित्रही जोडावे, कारण माथ्याचा उतार त्यातच दिसतो. परत आल्यावर तानपुरा लगेच ‘मिळाला’ म्हणून ठेवून देऊ नये, जसा मी ठेवणार होते. चहा टाकावा, नेणाऱ्याला बसवून घ्यावे, त्याच पट्टीत तानपुरा जुळवावा आणि मुद्रण शेजारी लावून दोघांनी मिळून ऐकावे. फरक असेल तर तो त्याच वेळी, दोघांच्याही कानांना कळतो, आणि आठ दिवसांनी फोनवर समजावण्याची वेळ येत नाही.

शनिवारी तानपुरा नेणारी ही मुलगी परवा येऊन हा तानपुरा अर्धा तास वाजवून गेली. तिची पहिली मैफल आहे आणि तिच्याकडे स्वतःचा तानपुरा नाही. शिकत असताना सगळ्यांची स्थिती अशीच असते, माझीही होती, आणि तेव्हा आत्याने हाच तानपुरा मला पहिल्यांदा हातात दिला होता. जाता जाता तिने विचारले, “दोरा थोडा मागे घेऊ का, खर्ज जरा जास्त उघडा वाटतोय.” तिने घेतला. आपण आता ऐकणार आहात तो आवाज तिने लावलेल्या दोऱ्याचा आहे, आणि मी तो तसाच ठेवला आहे.

[तानपुरा. दोन मिनिटे. बोलणे नाही.]