कुरटे बेटाभोवतीचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मालवणच्या बंदरातून होडीत बसलं की समोर कुरटे बेट. त्यावरच शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. तट पाहायला आपण सगळेच जातो. मी आज बोलणार आहे ते तटाखालच्या पाण्याबद्दल. हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं; शेजारचा पद्मगडही त्यातच येतो. कितीतरी मंडळी इथे स्कूबा करून घरी परततात, पण आपण अभयारण्यात जाऊन आलो हे त्यांच्या गावीही नसतं.

पहिल्यांदा उतरले तेव्हा मी घाबरले होते. नाक मास्कमध्ये बंद, श्वास फक्त तोंडाने. दोन-तीन मीटरवरच कानात दडे बसले. नाक चिमटीत धरून हलकेच जोर दिला, तेव्हा मोकळे झाले. सोबतच्या मुलाने होडीवरच बजावलं होतं, "ताई, काही झालं तरी श्वास रोखायचा नाही." वर येताना पाण्याचा दाब कमी होतो आणि कोंडलेली हवा फुप्फुसात फुगते, म्हणून.

मग खडपावर एक पिवळट-तपकिरी गोटा दिसला. मला दगडच वाटला. ते प्रवाळ होतं, असंख्य इवल्या जीवांनी मिळून बांधलेलं चुन्याचं घर. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. पाणी फार तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. पोराइटीस जातीचा गोटा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे अर्धा मीटर उंचीचा गोटा पन्नासएक वर्षांचा! आणि होडीच्या नांगराच्या एका घावात तो फुटतो.

फोटोत मासे दाटीने यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करतात, तेही मी पाहिलं. मला ते बघवत नाही. खडपावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे प्रवाळाला जागा मोकळी करून देतात. त्यांना पावाची चटक कशाला लावायची?

पावसाळ्यात इथल्या होड्या बंद असतात. ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की जा. होडी ठरवताना पैशांबरोबर एवढंही विचारा, की नांगर टाकणार की बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला, दोर बांधणार? मी विचारलं तेव्हा होडीवाल्या काकांनी दोर उचलून दाखवला. मग किल्ल्यापर्यंत ते मला सांगत राहिले, ओहोटीला कुठलं खडप उघडं पडतं आणि त्याला काय म्हणतात.