फोड लुळा की टच्च?

श्रोतेहो, नमस्कार.

"दोन महिने तोंड येतंय डॉक्टर, बी-कॉम्प्लेक्स झालं, तूप लावून झालं," असं सांगत एखाद्या बाई येतात. मग पाठीवर फोड उठतात. पातळ, लुळे, ब्लाऊजच्या घासण्यानंही फुटणारे. अशा वेळी आम्ही त्वचारोगवाले फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी बोटानं दाबून सरकवून बघतो. वरचा पापुद्रा सुटून आला, की पेम्फिगस या फोडांच्या आजाराची शंका घ्यायची.

यात सुटतं काय? शाळेत अभिस्तर ऊतीच्या चित्रात पेशी खेटून बसलेल्या असतात. त्यांना खेटवून ठेवतात ते डेस्मोसोम. नाव १९२० साली योसेफ शाफर यांनी दिलं. ग्रीकमध्ये डेस्मॉस म्हणजे बंध. मला मात्र झबल्याचं टिचबटण आठवतं. एका पेशीतून बाहेर आलेले डेस्मोग्लीनचे रेणू शेजारणीच्या रेणूंना धरतात, आणि पेशीच्या आतून केराटिनचे दोर त्या बटणाला ताणून बांधलेले असतात. या पकडीला कॅल्शियम लागतं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींचं कॅल्शियम काढून घेतलं, की त्या एकमेकींना सोडू लागतात.

पेम्फिगसमध्ये आपलीच प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं (अँटिबॉडीज), डेस्मोग्लीनवर उलटतात. पण सुरुवात बहुधा तोंडात का? डेस्मोग्लीनचे क्रमांकानं ओळखले जाणारे प्रकार आहेत. तोंडाच्या अस्तराची मदार मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर. कातडीत डेस्मोग्लीन १ सुद्धा भरपूर असतं. ३ निकामी झालं तरी ते काही काळ सांभाळून घेतं. स्टिरॉइड येण्याआधी हा आजार बहुतेकांचा जीव घ्यायचा. म्हणून आठवडेच्या आठवडे न भरणारं तोंड घरगुती उपायांवर ढकलू नका.

आता तळाकडे. बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या पेशी त्यांच्याखालच्या पातळ पडद्याला, आधारपटलाला, धरून असतात हेमिडेस्मोसोमनं. नाव 'अर्धं बटण', पण रेणू निराळेच, इंटिग्रिन वगैरे. ही पकड सुटते बुलस पेम्फिगॉइड या दुसऱ्या आजारात, बहुतेक साठीनंतर. तिथे बाह्यत्वचा अख्खी उचलली जाते, छत जाड राहतं, म्हणून फोड टच्च भरलेला आणि सहसा न फुटणारा. खाजही फार.

आणि पहिल्याच दिवशी कुदळ धरल्यावर तळहाताला येतो तो फोड? तिथे प्रतिपिंडांचा संबंध नाही. घासून घासून मधल्या थरातल्या पेशीच फाटतात, आणि त्या फटीत पाणी साचतं. त्याचं छत सोलू नका, धुऊन पट्टी बांधा.