थंडी खालून येते

(जानेवारीत इंदूरला झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सुरुवात करण्याआधी मला दोन तरुण हवेत. हं, तुम्ही दोघं या. टेबलाशेजारी प्लास्टिक अंथरून दोन बर्फाच्या लाद्या ठेवल्या आहेत. कारखान्यातून दुपारीच आणल्या, अजून कोरड्या धुरासारख्या वाफाळताहेत बघा. डावीकडच्या लादीवर फोमची एक चटई आहे, अर्ध्या बोटाएवढी जाड. उजवीकडच्या लादीवर तसल्याच दोन चटया आणि त्यांच्यावर माझ्या आजीची घोंगडी. दोघांनी मांडी घालून बसायचं आणि माझं ऐकायचं. नकोसं झालं की सरळ उठायचं, कोणी काही म्हणणार नाही.

आजचा विषय पत्रिकेत छापला आहे, ‘हिमालयातले हिवाळी मुक्काम : कुठे जावं?’ त्याकडे मी येणार आहे. गेले चौदा हिवाळे मी इथून माणसं घेऊन बर्फात राहायला जाते. कधी सहा, कधी पंधरा. दिवाळी झाली की फोन सुरू होतात. ताई, बर्फ नक्की मिळेल ना? माथा किती फुटांवर? फोटोत दिसतो तसा सूर्योदय कुठून दिसतो? सगळे प्रश्न दिवसाचे. मुक्काम म्हणजे तर रात्र. डिसेंबरात डोंगरात पाचलाच अंधारायला लागतं आणि सकाळी सातपर्यंत उन्हाचा पत्ता नसतो. चोवीसातले चौदा तास तुम्ही अंधारात आणि त्यातले दहा-बारा आडवे. तरीही चौदा वर्षांत मला एकानंही विचारलं नाही की ताई, झोपायचं कशावर?

आपल्या भाषेत तर ह्या गोष्टीचे किती शब्द आहेत. तंबू, राहुटी, डेरा, पाल. तळ पडतो, तळ उठतो. आपल्या इंदुरात एका अख्ख्या वस्तीचं नाव छावनी आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं आणि हिवाळा राहुट्यांत काढायचा, ही मराठी फौजांची रीतच होती. होळकरांचं घराणं मूळ धनगरांचं. घोंगडी ही त्यांची घरची वस्तू. रात्री अंथरायची, पावसात डोक्यावरून घ्यायची. आणि अहिल्याबाईंनी बद्री-केदारला धर्मशाळा बांधल्या, त्या का? इतक्या लांबून डोंगर चढून आलेल्या माणसाला पाठ टेकायला कोरडी जागा हवी म्हणून. ज्या गावाला हा वारसा आहे, त्या गावातून मुलं आज बर्फात जातात ती तीन-तीन जाकिटं घेऊन आणि अंगाखाली घालायला काहीही न घेता. ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. खाली कोटा फरशी. जानेवारीत ती फरशी अशी गार पडायची की अनवाणी पाऊल टाकवत नसे. आम्ही चुलत-मामे मिळून नऊ मुलं एका ओळीत झोपायचो आणि पांघरुणासाठी भांडायचो. आजी एकच सांगायची, ‘अंगावर एक, अंगाखाली दोन.’ खाली घोंगडी, तिच्यावर गोधडी. वर फक्त एक रजई. आम्हाला वाटायचं, म्हातारी रजया लपवून ठेवते. तिचं वाक्य मला कळलं ते थेट बर्फात, एका रात्री दोन वाजता. ती हकीकत सांगते. थोडी लांबेल, पण आजचं माझं सगळं बोलणं त्या रात्रीतूनच आलेलं आहे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आम्ही अकरा जण केदारकंठ्याला, उत्तराखंडातल्या एका बर्फाळ शिखरावर, निघालो होतो. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी करत सांक्री, जवळजवळ दोनशे किलोमीटर. अख्खा दिवस गाडीत गेला. तंबू, स्लीपिंग बॅगा, मॅट हे सगळं एका आयोजकाकडून भाड्यानं ठरलं होतं. माणशी दोन मॅट असं मी फोनवर दोनदा बोलून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जूडा का तालाबला पोचलो. हे तळं २,७७० मीटरवर, देवदार आणि बांज म्हणजे ओकच्या रानात. गोठलेलं, त्याच्यावर बर्फ, चहूकडे शांतता. मुलं हरखून गेली. संध्याकाळी सामान उघडलं तर माणशी एकच मॅट, तीही ह्या डावीकडच्या लादीवर आहे तशी, आणि चार तर ओल्या. विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘मॅडम, बॅग उणे दहाची आहे, काही होत नाही.’

माझी भाची बरोबर होती, चौदा वर्षांची. रात्री दोनला तिनं मला हलवलं. ‘मावशी, माझं पोट गरम आहे आणि पाठ दुखते आहे.’ मी तिच्या बॅगेत हात घातला. वरून ऊब होती. खाली हात सरकवला तर खांदा आणि कंबर, जिथे जिथे वजन पडतं तिथे तिथे, कापड बर्फासारखं गार. तंबूत टांगलेला थर्मामीटर उणे सात दाखवत होता. मी माझं जाकीट तिच्यावर घातलं. फरक नाही. दुसरी बॅग तिच्यावर टाकली. फरक नाही. ती थडथडायला लागली, मग शब्द जड यायला लागले. मंडळी, शब्द जड होणं हे वाईट लक्षण आहे. तिथे थांबायचं नसतं.

मी बाहेर येऊन स्वयंपाकाच्या तंबूतल्या माणसाला उठवलं. सांक्रीजवळच्या सौड गावचा होता, पन्नाशीचा, सामानाची खेचरं त्याचीच. त्यानं आत डोकं घातलं, पोरीकडे पाहिलंही नाही. मॅटचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. परत आला तो खेचराच्या खोगिराखालचा नमदा घेऊन. जाड, दाबलेल्या लोकरीचा, घामानं काळा पडलेला, जनावराचा वास मारणारा. तो दुहेरी घडी करून मॅटवर घातला, पोरीला त्यावर निजवलं, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पोटाशी दिली. वरचं एकही पांघरूण वाढवलं नाही, उलट माझी जादा बॅग काढून मलाच परत दिली. अर्ध्या तासात ती झोपली. मी सकाळपर्यंत तिच्या नाकाशी हात धरून बसले होते, श्वास हाताला लागतो आहे ना बघत.

खोगीरभरती हा शब्द आपण टाकाऊ गोष्टींसाठी वापरतो. त्या रात्रीपासून मी तो तसा वापरत नाही.

हां, डावीकडचे तरुण उठले! बसा खुर्चीवर. किती मिनिटं झाली? अकरा. अंगात जाकीट आहे, कानटोपी आहे, सभागृहात पंधरा-सोळा अंश असतील. काय झालं? ‘खालून बधिर झालं.’ माइकवर सांगा, मागच्यांनाही ऐकू द्या. आणि उजवीकडचे अजून निवांत आहेत.

आता ह्याचं कारण. स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते, ती काही शेगडी नव्हे. ऊब तुमच्या अंगाची. आतली पिसं किंवा फायबर हवा कोंडून धरतात आणि ती कोंडलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही उताणे पडलात की पाठीखालची पिसं चपटी होतात, हवा निघून जाते. वर चार बोटं जाडी, खाली नुसतं कापड. त्याच्याखाली शून्याच्या खालचा बर्फ, तुमच्या अंगातली ऊब रात्रभर ओढून घेत बसलेला. म्हणून वर दहा पांघरुणं घाला, उपयोग नाही. चांगल्या मॅटवर आर-मूल्य छापलेलं असतं, म्हणजे उष्णता अडवायची ताकद. बर्फावर ते ५ किंवा जास्त हवं. आणि ह्या मूल्यांची चक्क बेरीज होते. २ ची एक, ३ ची एक, झाले ५. महागडी मॅट नसेल तर दोन साध्या घ्या. त्याही ओल्या निघाल्या तर रिकामी सॅक, दोर, वर्तमानपत्रं, जे असेल ते अंगाखाली. आजीचं अंगाखाली दोन ते हेच.

गंमत अशी की ताजा बर्फ वाईट नाही. त्याच्या पोटातही हवाच असते. बर्फाखाली गहू तगतो तो त्यामुळेच. पण तंबूसाठी तो तुडवावा लागतो. सगळ्यांनी बूट घालून ओळीनं नाचायचं, सपाट करायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. तेवढ्यात तो आपोआप घट्ट बसतो. हे केलं नाही तर रात्री कमरेखाली तेवढाच खड्डा पडतो आणि सकाळी तोच गोठलेला. खुंट्या भुसभुशीत बर्फात धरत नाहीत. दोर काठीला किंवा बर्फ भरलेल्या पिशवीला बांधायचा, ती आडवी पुरायची आणि वर पाय देऊन दाबायचं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. तंबूत शेगडी, कोळसा, स्टोव्ह पेटता ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. तंबूची वरची झडप उघडीच ठेवायची. थंड वाटतं, पण नाहीतर श्वासाची वाफ कापडावर गोठते आणि पहाटे तुमच्या अंगावर झडते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. आणि मी अजून एकाही जागेचं नाव नीट घेतलेलं नाही! बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, मुलंबाळं बरोबर असतील तर, देवरियाताल. ऊखीमठच्या बाजूला सारी गावातून जेमतेम अडीच-तीन किलोमीटर चढ, उंची २,४३८ मीटर. समोर चौखंबा शिखर. काही बिनसलं तर तासा-दीड तासात गावात परत. पहिल्या मुक्कामाला हाच निकष लावा, अंधारात खाली उतरता येईल का. तंबू मात्र वनखातं सांगेल तिथेच. तिथून पुढे चोपता आणि तुंगनाथ, ३,६८० मीटर, पंचकेदारांतलं सगळ्यांत उंच देऊळ. हिवाळ्यात देऊळ बंद असतं, देव मक्कूमठाला उतरतात. जिथून देवच खाली येऊन राहतात तिथे मुक्काम कशाला? दिवसा वर जा, रात्री खाली या. हिमाचलात जायचं असेल तर मनालीच्या वर हामट्याच्या वाटेवर सेठण. जवळपर्यंत गाडी जाते, गाव जवळ असतं, सरावासाठी छान.

केदारकंठा सुंदर आहे, सुमारे ३,८०० मीटर. वरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग दिसतात. पण नाताळ ते एक जानेवारी जाऊ नका. तळ्याकाठी तंबूला तंबू लागतो, पाणी घाण होतं. फेब्रुवारीत जा, बर्फही चांगला असतो.

दयारा बुग्याल, उत्तरकाशीजवळ, बारसू किंवा रैथल गावातून. सौम्य उताराचं मैलोन्‌मैल कुरण. इथे दोन मिनिटं जास्त घेते. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे अशा उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. आमच्यातले पुष्कळ जण चिडले होते, मी नाही. बर्फाखाली ते गवत, ती कंदमुळं झोपलेली असतात. आपण वर तुडवून, खणून, शेकोट्या पेटवून बर्फाचं पांघरूण दाबतो, त्याची हवा काढून टाकतो. जे आपल्या स्लीपिंग बॅगेचं होतं तेच त्यांचं होतं. तेव्हा दयाराला मुक्काम खालच्या रानात करायचा आणि बुग्यालावर दिवसा चालायचं. रानात वाराही कमी लागतो.

थोडा सराव झाल्यावर ब्रह्मताल, चमोलीत लोहाजंगहून. त्रिशूल ७,१२० मीटर आणि नंदाघुंटी अगदी समोर. पण धारेवर वारा फार. मॅटबरोबर तंबूही दणकट हवा. क्वारी पास आणि औली दोन्हींची वाट जोशीमठावरून. तिथे २०२३ च्या जानेवारीत घरांना भेगा पडल्या आणि लोक आजही त्यांतून सावरताहेत. गेलात तर गावाचं पाणी, गावाची जागा जपून वापरा. झंस्कारची चादर, म्हणजे लडाखातल्या गोठलेल्या नदीवरची वाट, पहिल्या तीन-चार हिवाळ्यांत नकोच. तिथे रात्री उणे वीस-पंचवीस जातं.

जागा कुठलीही असो, तंबू खळग्यात लावायचा नाही, गार हवा जड असते, ती तिथेच साचते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या बर्फाळ उताराखाली तर मुळीच नाही, हिमकडे तिथूनच सुटतात. स्वयंपाकाला कुकर न्या, साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांलाच उकळतं, तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजत नाही, मूग-मसूर बरी. गॅसचा छोटा डबा रात्री बॅगेत घेऊन झोपा, नुसत्या ब्यूटेनचा असेल तर शून्याखाली त्याचा गॅसच होत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, झाकण मोकळं राहतं. मोबाइलही उबेत ठेवा.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. उजवीकडचे तरुण अजून बसलेलेच आहेत, चाळीस मिनिटं झाली. तुमच्या घोंगडीखाली हात घालून बघू? कोरडी. आणि गरम आहे. ज्यांना स्वतः बसून बघायचं आहे त्यांनी पुढे या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. चपला बाजूला काढा. अर्धी लादी अजून शिल्लक आहे.