सुई हाताला विचारून घ्यावी

नमस्कार श्रोतेहो. आपल्या किनाऱ्यावर स्वेटरची थंडी म्हणजे पौष-माघातल्या पहाटेपुरती. तरीही घरात बाळ येणार म्हटलं की टोपरं आणि पायमोजे विणायला घेतले जातात, पुण्या-नाशिकच्या नातवंडांसाठी स्वेटर सुरू होतात, आणि पावसाळ्यातल्या लांब दुपारी लोकरीची पिशवी हमखास बाहेर निघते. विणणाऱ्या चौघी एकत्र बसल्या की लोकरीच्या रंगावर एकमत होईलही, सुईवर व्हायचं नाही. एकीला धातूची हवी, दुसरीला बांबूशिवाय चालत नाही. दोघीही बरोबर असतात, कारण दोघींचे हात वेगळे असतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपला हात ओळखा. विणताना टाके सुईवरून ढकलावे लागतात का? मग तुमचा हात घट्ट. तुम्हाला ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची गुळगुळीत सुई बरी पडेल. टाके आपणहून टोकाकडे येऊन निसटत असतील, तर हात सैल. तिथे बांबू किंवा लाकूड टाका धरून ठेवतं. धाग्याचाही विचार करा. सुती धागा गुळगुळीत आणि जड, त्याला लोकरीसारखी ताण नसते. नवशिक्या हाताने तो धातूवर घेतला की टाके सुटतात. ॲक्रिलिकचं उलट आहे. वैशाखात हाताला घाम असताना ते प्लॅस्टिकच्या सुईला चिकटून बसतं. अशा वेळी हात साबणाने धुऊन, कोरडे करून बसावं. प्लॅस्टिकच्या सुया स्वस्त असतात हे खरं, पण मोठ्या स्वेटरच्या वजनाने वाकतात. लहान मुलाला शिकवायला ठीक, त्यापलीकडे मी तरी त्या सुचवणार नाही.

टोकाकडे बहुतेक जणी पाहतच नाहीत. जाळीची वीण असेल, दोन-तीन टाके एकत्र घ्यायचे असतील, तर टोक अणकुचीदार हवं. पण सैल पिळाच्या लोकरीत तेच टोक धाग्याचे पदर फोडतं आणि अर्धा पदर मागे राहतो. तिथे बोथट टोक चांगलं.

आता आपली खारी, दमट हवा. स्टीलच्या सुईवरचा मुलामा गेला की गंज येतो, आणि पांढऱ्या सुती झबल्यावर पडलेला गंजाचा डाग सहज निघत नाही. जुनी ॲल्युमिनियमची सुई फिकट लोकरीवर करडी छटा सोडते. वापरण्याआधी ती पांढऱ्या फडक्याने जोरात पुसून पाहा. फडकं काळं झालं तर ती सुई गडद रंगांसाठी ठेवा. बांबूचा पावसाळ्यात टोकाजवळचा रेशा उठतो आणि धागा अडकतो. ४०० नंबरचा, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा, वर थोडं मेण घासून कापडाने चांगलं पुसा. खोबरेल मात्र लावू नका. ते लोकरीत उतरतं, आणि काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. सुया बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवण्यापेक्षा सुती पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे आत दमटपणा कोंडत नाही.

नंबरांचा घोळ मोठा आहे, तेव्हा कागद-पेन घ्या. आपल्या दुकानांतला नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचा: नंबर वाढला की सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ९ म्हणजे पावणेचार, ८ म्हणजे ४, ७ म्हणजे साडेचार. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथे नंबराबरोबर जाडी वाढते. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची, आणि १० नंबरची चक्क ६ मिलिमीटरची! मोबाइलवरचा नमुना पाहून विणताना बाळाचा मोजा आजोबांच्या पायाला येतो, त्याला बहुधा हेच कारण. मिलिमीटर पाहा, नंबर सोडून द्या.

आणि मिलिमीटर जुळले तरी हात जुळेलच असं नाही. यासाठी आधी ३० टाक्यांचा चौकोन विणा, धुऊन वाळवा, आणि कडा सोडून मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजा. समजा नमुन्यात २२ टाके सांगितलेत आणि छाती ९० सेंटीमीटर हवी आहे. पुढचा-मागचा भाग मिळून १९८ टाके झाले. तुमचे १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांची छाती साडेब्याऐंशी सेंटीमीटर होईल. दोनच टाक्यांचा फरक, पण स्वेटर अंगात शिरणार नाही. अशा वेळी हात मुद्दाम सैल सोडायला जाऊ नका, चार ओळींत तो मूळ पदावर येतो. ८ नंबरची सुई बाजूला ठेवून ७ नंबरची घ्या. टाके कमी बसत असतील तर एक नंबर बारीक घ्या.

एक सुलट ओळ, एक उलट ओळ अशा साध्या विणीत कधी कधी आडव्या पट्ट्या दिसतात. अनेकींची उलट ओळ सुलटपेक्षा सैल पडते, म्हणून हे होतं. नवा टाका उजव्या हातातल्या सुईवर तयार होतो, त्याचं माप तीच ठरवते. तेव्हा जोडीत एक सुई ८ नंबरची आणि एक ९ ची घ्या. सुलट ओळ जाड सुईवर उतरवलीत की पुढच्या उलट ओळीला बारीक सुई आपोआप उजव्या हातात येते. जोडी फोडायची म्हणून कुणी नाक मुरडेल, मुरडू द्या.

लांबीचं थोडक्यात. ३५ सेंटीमीटरच्या सरळ सुईवर मोठ्या स्वेटरचं सगळं वजन मनगटावर येतं. दोन टोकांमध्ये वायर असलेली गोल सुई घेतली तर वजन मांडीवर राहतं, आणि एसटीत शेजारणीला कोपरही लागत नाही. तिच्यावर सपाट कापडही विणता येतं, ओळ संपली की फक्त बाजू पलटायची. विकत घेताना वायर आणि सुईच्या जोडावरून नख फिरवा. नख अडलं तर टाकाही अडणार. वेटोळं झालेली वायर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ताणली की सरळ होते, मात्र लाकडी टोकं पाण्याबाहेर ठेवा.

पेटीत आजीच्या सुया असतील आणि त्यांवरचे नंबर पुसले गेले असतील, तर सुताराकडून फळीच्या तुकड्याला ३, साडेतीन, ४, साडेचार आणि ५ मिलिमीटरची भोकं पाडून घ्या. ३ च्या भोकात अडते पण साडेतीनच्या भोकातून सैल जाते, ती १० नंबरची. साडेतीनला अडून ४ च्या भोकातून सैल जाते ती ९, आणि ४ च्या भोकातून घासत जाते ती ८. माप कळलं की ते लगेच सुईच्या डोक्यावर नेलपॉलिशने लिहून ठेवा.