उशिरा ठणकणारी जखम

नमस्कार श्रोतेहो.

माझे वडील 1971 च्या लढाईनंतर बारा वर्षांनी पेन्शनीवर आले. साताऱ्याकडची आमची वस्ती, घरटी एक फौजी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत सुतळी बॉम्ब वाजायला लागले की आबा भरल्या ताटावरून उठायचे, गोठ्यात जायचे आणि म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. आई म्हणायची, "जाऊ नका त्यांच्या मागं. मिलिटरीतला माणूस, तापट असतो." मी गेलो होतो एकदा. कंदिलाच्या उजेडात त्यांचा हात थरथरताना दिसला. तापट माणसाचा हात असा थरथरत नाही, हे कळायला मला मनोविकारांचा डॉक्टर व्हावं लागलं.

या थरथरीला वैद्यकानं वेळोवेळी वेगवेगळी नावं दिली. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'वर लिहिलं. तोफगोळा जवळ फुटला की मेंदूला हादरा बसतो, अशी तेव्हाची समजूत. पण गोळ्याच्या आसपासही न गेलेल्या सैनिकांना तोच त्रास होऊ लागला, तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले. काहींनी सरळ भित्रेपणाचा शिक्का मारला. त्याच सुमाराला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात, आपल्या 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. 147 दिवस उपासमार, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. पुढं कैदेतून जे जिवंत घरी आले, त्यांना कुणी विचारलं असेल का, की बाबा, रात्री झोप लागते का?

आज ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेला आणि पुन्हा पुन्हा उसळणारा त्रास, ते निदान अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं 1980 साली, व्हिएतनामचं युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी. संशोधकांनी व्हिएतनामात लढलेल्या अमेरिकी सैनिकांची पाठ सोडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 2015 साली छापून आलेल्या पाहणीत दिसलं की लढाईला चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही सुमारे 2 लाख 71 हजार माजी सैनिकांमध्ये या त्रासाची पूर्ण किंवा काही लक्षणं होती. चाळीस वर्षं! नातवंडं झाली, केस पिकले, आणि आतली रात्र तशीच.

लंडनच्या किंग्ज कॉलेजनं इराक युद्धापासून ब्रिटिश सैनिकांचा असाच मागोवा ठेवला आहे. त्यांची 2018 ची एक नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवेळी सांगतो. इराक-अफगाणिस्तानात प्रत्यक्ष लढलेल्या आणि आता नोकरी सोडलेल्या सैनिकांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण 17 टक्के निघालं. तिथंच रसद, दुरुस्ती अशा कामांवर असलेल्या आणि नोकरी सोडलेल्यांमध्ये ते 6 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. पण ज्यांना होतो, त्यांच्यातल्या कित्येकांना तो गणवेश उतरवल्यावर गाठतो. पलटणीत सोबती असतात, पहाटेची परेड असते. घरी आल्यावर दुपार लांबलचक, आणि संध्याकाळी बाटली.

म्हणून मी हे आज मुद्दाम घरच्या माणसांशी बोलतोय. वहिनी, तुमचे मालक हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतात का? झोपेत ओरडतात का? जुन्या मित्राचं नाव निघालं की विषय बदलतात का? पोरांनी मागून हात लावला तर दचकून अंगावर जातात का? हा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. लढाईत जीव वाचवायला शिकलेलं शरीर घरातही पहाऱ्यावर उभं आहे. जाणकाराच्या मदतीनं ती आठवण थोडी थोडी बोलून दाखवण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत, आणि वर्षं उलटली असली तरी त्यांचा उपयोग होतो. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा, फोन नंबर फुकट आहे. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, 2023 पासून आहे.

आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी, लक्ष्मीपूजनाला, मी गोठ्यात त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. विचारलं, "आबा, काय दिसतं?" बराच वेळ ते म्हशीची मान खाजवत राहिले. मग त्यांनी एका मित्राचं नाव घेतलं. ते नाव आमच्या घरात त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.